दिवसा आठ तास झोपतो, तरी झोप का होत नाही?

निशाचर | सोमवार, सकाळी ६:५५

रात्रपाळी आत्ताच संपली. घरी जाऊन अंथरुणाला पाठ टेकायच्या आधी हे लिहून टाकतो, कारण उठल्यावर डोक्यात नुसता भुसा भरलेला असतो.

अकरा वर्षं फिरत्या पाळीत आहे. कंट्रोल रूममध्ये बसायचं, दर तासाला मीटरचे आकडे लॉगबुकात उतरवायचे, कुठे काही हललं तर साइटवर कळवायचं. दर आठवड्याला पाळी बदलते आणि तीही उलट्या क्रमाने: आधी रात्र, मग दुपार, मग सकाळ. परवा एका जुन्या नोंदीसाठी मागची पानं चाळत होतो, तर आपलंच अक्षर बघून चरकलो. रात्री बाराच्या ओळीत अक्षर नीटनेटकं. दोनच्या ओळीत जरा फुगलेलं. पहाटे चारच्या ओळीत आकडे रकाना सोडून खाली घसरलेत, आणि तीन वेगवेगळ्या मीटरांसमोर एकच आकडा तीनदा. हे लिहिल्याचं मला आठवतही नाही. झोपलो नव्हतो हे नक्की. खुर्चीत ताठ होतो, डोळे उघडे होते. गंमत म्हणजे सहाच्या ओळीत अक्षर परत बऱ्यापैकी सरळ. हे एका पानावर नाही, पानामागून पान तेच.

घरचे म्हणतात, दिवसा आठ तास लोळतोस, मग कुरकुर कसली? हिशोबाने त्यांचं बरोबर आहे. पण ते आठ तास अंगी लागत नाहीत. चाळिशी अजून यायची आहे आणि साखर काठावर आलीय, पित्त तर कायमचंच. झोप म्हणजे नुसता तासांचा हिशोब असतो का? माहिती असणाऱ्यांनी लिहा, अनुभवही लिहा. फक्त 'लवकर निजे, लवकर उठे' एवढं ऐकवू नका, हात जोडतो.

पहाटवारा | सोमवार, सकाळी ७:१०

नेमकं तेच ऐकवणार होते :)

गेली वीस वर्षं मी पहाटे साडेचारला गजराशिवाय उठते. नोकरीपुढे तुमचा नाइलाज आहे हे कळतं, पण सुट्टीच्या दिवशी तरी दुपारपर्यंत लोळू नका. शरीराला वळण लावावं लागतं. एकदा शिस्त लागली की ते ऐकतं, हा स्वानुभव.

जांभई | सोमवार, सकाळी ११:३०

वाचतेय. आतापर्यंत तीन जांभया आल्या. लेखकाचा दोष नाही, आयडीचा मान राखला.

कंदील | सोमवार, दुपारी १:०५

निशाचर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या सहाच्या ओळीतच आहे. जास्त जागरण म्हणजे जास्त पेंग, एवढंच खरं असतं तर सहाचं अक्षर चारच्यापेक्षा वाईट यायला हवं होतं. ते सुधारलं. का?

झोप दोन गोष्टींच्या रस्सीखेचीतून ठरते. एक म्हणजे जागेपणाचा भार. मेंदू काम करत असतो तसतसं त्यात अडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं, झोपलो की ओसरतं. (कॉफी हे अडेनोसिन कमी करत नाही. ते ज्या जागांवर जाऊन बसतं त्या जागा अडवते. भार तसाच राहतो, फक्त जाणवायचा थांबतो.) दुसरी म्हणजे शरीरातलं घड्याळ, आणि तुम्ही किती तास जागलात याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. आपली वेळ झाली की ते जागं ठेवायला जोर लावतं, आणि ती वेळ सरली की तो जोर काढून घेतं. झुरिकच्या अलेक्झांडर बोरबेलींनी १९८२ मध्ये ही मांडणी केली आणि झोपेच्या अभ्यासात अजूनही तीच पायाभूत धरतात.

घड्याळाचा तळ येतो तो नेहमीच्या उठण्याच्या वेळेच्या साधारण दोन तास आधी. शरीराचं तापमानही तेव्हाच सर्वांत खाली असतं. म्हणजे पहाटे चारला दोन्ही पहिलवान तुमच्याविरुद्ध: भार चढलेला, घड्याळ उतरलेलं. सहाला भार आणखी वाढला, पण घड्याळ वर यायला लागलं, म्हणून अक्षर सावरलं.

आता याच घड्याळाचा दिवसा काय प्रताप होतो बघा. सकाळी आठला तुम्ही आडवे होता तेव्हा ते चढणीला लागलेलं असतं. भार एवढा असतो की झोप लागते, पण चार-पाच तासांत तो बराचसा उतरला की घड्याळ तुम्हाला हाकलून उठवतं. म्हणून आधी मलाच एक विचारू द्या: तुम्ही आठ तास झोपता, की आठ तास पडून असता?

घुबड_क्र_१ | सोमवार, रात्री ११:४५

पहाटवाराताई, राग मानू नका, पण 'शिस्त' हा शब्द वाचून माझी शाळेची सगळी वर्षं डोळ्यांपुढून सरकली. सकाळी पहिल्या तासाला मी बाकावर असायचो, शरीराने. रात्री अकरानंतर जी गणितं झटकन सुटायची, ती सकाळी साडेसातला फळ्यावर बघून अनोळखी वाटायची. 'आळशी' हे विशेषण माझ्या प्रगतिपुस्तकात नावापेक्षा जास्त वेळा आलं असेल.

नंतर कळलं की माणसांची घड्याळं मुळातच वेगवेगळी लागलेली असतात. लहानपणी सगळे कोंबडे, मग वयात येताना घड्याळ उशिराकडे सरकत जातं, विशीच्या आसपास सर्वांत उशिरा असतं, आणि तिथून हळूहळू परत फिरतं. म्हणजे ज्या वयात मूल लवकर झोपूच शकत नाही, नेमकं त्याच वयात त्याला सर्वांत लवकर उठवायचं! अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ मध्ये स्पष्ट सांगितलं की मोठ्या मुलांच्या शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरवू नयेत. त्या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. ती कुठून आणायची?

जर्मनीतले टिल रोनेबर्ग यांचा एक शब्द मला फार आवडतो, 'सोशल जेटलॅग'. सुट्टीच्या दिवशी तुम्ही दहाला उठता आणि सोमवारी साडेसहाला, तर दर आठवड्याला साडेतीन तासांचा विमानप्रवास करून आल्यासारखं शरीराला होतं. फक्त विमान नसतं, आणि कुठे फिरायलाही मिळत नाही.

जांभई | मंगळवार, रात्री १२:२०

घुबड +१. प्रगतिपुस्तकाचं वाचून खुर्चीतून पडले.

पहाटवारा | मंगळवार, सकाळी ५:०५

राग कसला? पण मग आम्हा लवकर उठणाऱ्यांचं श्रेय पार शून्य का? माझी आई अशीच होती, आजीही. रात्री आठ वाजले की पाहुणे समोर बसलेले असोत, आई बोलता बोलता मान टाकायची. आम्ही तिघी एकाच शिस्तीत वाढलो, दुसरं काय.

कंदील | मंगळवार, दुपारी २:२०

पहाटवारा, तिन्ही पिढ्या रात्री आठला पेंगतात आणि साडेचारला टक्क जाग्या होतात, हे वाचून कोणाही झोपतज्ज्ञाचे कान टवकारतील. २००१ मध्ये अशाच काही घराण्यांचा अभ्यास झाला, त्यांची झोप इतरांपेक्षा कित्येक तास आधी सुरू होऊन आधी संपायची. त्यातल्या एका घराण्यात पीईआर-२ या जनुकात एका जागी बदल सापडला. तुमच्या घरात तसंच असेल असं मी म्हणत नाही, पण शिस्तीच्या खात्यावर जमा केलेलं थोडं आजीच्या खात्यावर वळतं करायला हरकत नाही. हलकंच घ्या.

या जनुकाची कथा सांगायचा मोह आवरत नाही. १९७१ मध्ये रोनाल्ड कोनोप्का आणि सेमूर बेन्झर यांना फळमाश्यांत तीन वाण मिळाले: एकाचा दिवस १९ तासांचा, एकाचा २८ चा, आणि एकाला दिवस-रात्रीचा पत्ताच नाही. तिन्हींची गडबड एकाच जनुकात होती. त्याचं नाव पडलं 'पीरियड', पीईआर हे त्याचंच लघुरूप. पुढे त्याची यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. यंत्रणा गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखी आहे. पाणी चढलं की बॉलकॉक उचलला जातो आणि नळ आपोआप बंद होतो. पातळी उतरली की परत सुरू. इथे पाणी म्हणजे त्या जनुकापासून बनणारं प्रथिन. ते पुरेसं साचलं की पेशीच्या केंद्रकात शिरून स्वतःच्याच जनुकाला गप्प करतं, मग हळूहळू विघटित होतं, आणि जनुक पुन्हा बोलू लागतं. ही एक फेरी साधारण चोवीस तासांची.

अशी टाकी यकृतात, स्नायूंत, त्वचेत, जवळपास प्रत्येक पेशीत आहे. त्या सगळ्यांना एका तालात ठेवणारा मुकादम मेंदूच्या तळाशी बसतो. दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या अगदी वर, डाव्या-उजव्या बाजूला मिळून सुमारे २०,००० पेशी. मुकादम तोच, याचा पुरावा मला आजही थरारक वाटतो. प्रयोगशाळेत वीस तासांचा दिवस जगणारा एक हॅमस्टर सापडला होता. १९९० मध्ये नेहमीच्या हॅमस्टरांतल्या या पेशी नष्ट करून त्यांची लय मोडली आणि मग त्या वीस तासवाल्या वाणाच्या पेशी त्यांच्या मेंदूत बसवल्या. लय परत आली, पण वीस तासांची!

जुनी_वही | मंगळवार, रात्री १०:१५

कंदील, सुंदर. जुन्या गोष्टींचा किडा चावलेला असल्याने थोडी भर घालतो.

या सगळ्याची सुरुवात लाजाळूच्या झाडापासून झाली. १७२९ मध्ये दे मेरां या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की दिवसा पानं उघडणारं आणि रात्री मिटणारं हे झाड अंधारात कोंडलं तरी आपली वेळ पाळतं. घड्याळ झाडाच्या आत आहे, हे मात्र त्याच्या डोक्यात आलं नाही. सूर्य न दिसताही झाडाला तो कसा तरी जाणवतो, असा त्याचा समज. निरीक्षण लाखमोलाचं, निष्कर्ष हुकलेला.

माणसावर हाच प्रयोग करायचा तर कोंडायचं कुठे? गुहेत. १९३८ मध्ये नेथॅनियल क्लाइटमन आणि त्यांचे विद्यार्थी ब्रूस रिचर्डसन केंटकीतल्या मॅमथ केव्हमध्ये ३२ दिवस राहिले आणि २८ तासांचा दिवस पाळायचा प्रयत्न केला. तरुण रिचर्डसनला तो जमला. त्रेचाळिशीतल्या क्लाइटमनांचं शरीर मात्र चोवीस तासांनाच चिकटून राहिलं.

पण माझा आवडता माणूस मिशेल सिफ्र. हा तेवीस वर्षांचा फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ १६ जुलै १९६२ ला आल्प्समधल्या एका बर्फगुहेत घड्याळ न घेता उतरला. उठल्यावर, झोपताना वर फोन करून कळवायचं आणि वरच्यांनी त्याला वेळ सांगायची नाही, एवढाच नियम. मध्ये मध्ये तो फोनवर सेकंदाला एक या हिशोबाने १२० पर्यंत आकडे मोजायचा. दोन मिनिटांत संपायला हवेत, त्याला पाच लागत होती. १४ सप्टेंबरला त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या वहीत तारीख होती २० ऑगस्ट. पंचवीस दिवस हरवले! आणि गंमत पुढेच आहे: वरच्या मंडळींच्या नोंदींनुसार तो झोपत-उठत होता जवळपास साडेचोवीस तासांच्या ठेक्यात. मन वाहवत गेलं, शरीर नाही गेलं.

जुन्या पुस्तकांत 'माणसाचा आतला दिवस २५ तासांचा' असं वाचायला मिळतं. तो आकडा जर्मनीतल्या बंकरांतल्या प्रयोगांतून रूढ झाला, पण तिथे राहणाऱ्यांना दिवे हवे तेव्हा लावायची मुभा होती आणि त्या उजेडानेच घड्याळ मागे पडत होतं. १९९९ मध्ये चार्ल्स झायस्लर यांच्या गटाने मंद उजेडात काटेकोर मोजलं, तर सरासरी निघाली २४ तास ११ मिनिटं.

खडा_सवाल | बुधवार, रात्री १:५०

(हो, जागाच आहे.) ११ मिनिटं काय आणि तासभर काय, फरक काय पडतो? रोज उठतोच ना आपण?

तिरकी_रेघ | बुधवार, सकाळी ८:४०

खडा_सवाल, फरक काय पडतो ते मी घरात पाहिलंय.

माझे काका तरुणपणी अपघातात पूर्ण अंध झाले. उजेडाची जाणीवही उरली नाही. माणूस तल्लख, वेळेचा पक्का, बोलकं घड्याळ कायम खिशात. पण मधूनच दोन-तीन आठवडे असे यायचे की रात्रभर येरझाऱ्या आणि भर दुपारी, कोणी बोलत असतानाच, घोरणं. मग आपोआप ठीक व्हायचं. घरच्यांनी लहरी ठरवलं. डॉक्टरांनी एकदा मनाचं औषध दिलं, एकदा झोपेचं.

शेवटी माझ्या चुलतबहिणीने आलेखाचा कागद आणला. एक ओळ म्हणजे एक दिवस, एक चौकोन म्हणजे अर्धा तास. काका झोपलेले असतील तेवढे चौकोन पेन्सिलने काळे करायचे. पहिल्या आठवड्यात नुसते ठिपके वाटले. तीन महिन्यांचे कागद खाली-खाली चिकटवून भिंतीवर लावले आणि आम्ही सगळे गप्प झालो. काळा पट्टा वरून खाली उजवीकडे सरकत चालला होता, जिन्याच्या कठड्यासारखा. रोज बरोबर एक चौकोन. कडेला पोचला की दुसऱ्या कडेने परत आत. सात आठवड्यांत एक फेरी. काका लहरी नव्हतेच. त्यांचा दिवस साडेचोवीस तासांचा होता आणि तो रोज परत जागेवर आणायला उजेड नव्हता. डोळस माणसाचे ते ११ मिनिटं रोज सकाळी गुपचूप दुरुस्त होतात, म्हणून त्यांची किंमत कळत नाही.

पुढे झोपेच्या तज्ज्ञांनी अगदी कमी मात्रेत मेलाटोनिन (शरीर रात्री बनवतं ते संप्रेरक) सुरू केलं, रोज ठरल्या वेळी. काही महिन्यांनी पट्टा उभा झाला. काकांना तो दिसणार नव्हता, म्हणून बहिणीने कागदावर सुईने टोचे मारून दिले. दोन्ही पट्टे, आधीचा तिरका आणि नंतरचा सरळ, त्यांनी बोटाने तपासले. माझा आयडी तिथला.

जांभई | बुधवार, सकाळी ९:००

या प्रतिसादावर जांभई आली नाही.

कंदील | बुधवार, दुपारी १:३०

तिरकी_रेघ, हे फार मोलाचं लिहिलंत.

याची दुसरी बाजूही आहे. काही पूर्ण अंध व्यक्तींची झोप मात्र घड्याळाबरहुकूम चालते. कारण डोळ्यांत बघण्याच्या पेशींखेरीज आणखी थोड्या पेशी असतात, ज्या चित्र बनवत नाहीत, फक्त उजेड किती आहे ते थेट मुकादमाला कळवतात. त्यांची खात्रीशीर ओळख पटली २००२ मध्ये. त्यांच्यातल्या मेलानोप्सिन या रंगद्रव्याला निळसर उजेड सर्वांत जास्त जाणवतो, साधारण ४८० नॅनोमीटरचा, म्हणजे मोकळ्या आकाशाचा. दृष्टी गेली पण या पेशी शाबूत असल्या, तर माणसाला दिसत नाही पण त्याच्या घड्याळाला दिसतं. त्यामुळे 'आता या डोळ्यांचा काय उपयोग' म्हणून ते काढून टाकायचा निर्णय घेण्याआधी हे तपासायला हवं.

आणि निशाचर, ती जास्तीची ११ मिनिटं तुमच्या उलट्या पाळीचंही उत्तर आहेत. आतला दिवस चोवीसहून मोठा असल्यामुळे बहुतेकांना उशिरा झोपणं सोपं जातं, लवकर झोपणं जड. विमानाने पूर्वेला जाणं पश्चिमेपेक्षा जास्त छळतं ते त्यामुळेच. पाळी सकाळ, दुपार, रात्र अशी पुढे सरकली तर शरीर थोडं तरी सोबत येतं. तुमची मागे सरकते, आणि शरीर जेमतेम वळायला लागतं तोवर आठवडा संपतो. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या एका खनिज कारखान्यात हाच बदल केला होता: दर आठवड्याला उलटी फिरणारी पाळी दर २१ दिवसांनी सुलटी फिरवली. कामगारांच्या तक्रारी घटल्या, उत्पादनही वाढलं. हे दुसरं वाक्य तुमच्या साहेबांसाठी.

स्टेथोस्कोप | बुधवार, रात्री ९:३०

धागा झकास चाललाय. निशाचर यांच्या साखरेबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

१९९९ मध्ये ईव्ह व्हॅन कॉटर यांच्या गटाने अकरा निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. एवढ्या थोड्या काळात त्यांच्या शरीराची साखर हाताळायची क्षमता लक्षणीय घसरली, मधुमेहाच्या सुरुवातीला दिसते तशी. हा झाला तासांचा भाग. त्यात वेळेचा भाग मिसळा. रात्री शरीर साखर हाताळायच्या तयारीत नसतं, आणि यकृताचं घड्याळ उजेडापेक्षा खाण्याच्या वेळेकडे जास्त बघतं. पहाटे तीनला पोटभर जेवलात की यकृताला वाटतं दिवस उजाडला आणि मेंदूला माहीत असतं की रात्र आहे. मुकादम एक सांगतो, मजूर दुसरंच करतात. रात्रीचं मुख्य खाणं पाळीच्या आधी उरका, मध्यरात्रीनंतर अगदी हलकं ठेवा.

रक्तदाबाचंही तसंच. झोपेत तो १० ते २० टक्के उतरायला हवा. ज्यांचा उतरत नाही त्यांच्या हृदयाला आणि मूत्रपिंडाला जास्त धोका. दिवसा मोजलेला आकडा छान दिसतो आणि रात्रीचं कोणी मोजत नाही.

'मला सहा तास पुरतात, सवय झालीय' हे मी रोज ऐकतो. २००३ मध्ये यावर एक प्रयोग झाला. सलग चौदा दिवस सहा तास किंवा त्याहून कमी झोपलेल्यांची चाचणीतली कामगिरी एक-दोन रात्री सलग जागलेल्यांच्या पातळीला आली. पेंग किती येते असं विचारलं तर मात्र काही दिवसांनी त्यांचं उत्तर फारसं वाढेना. झोप कमी पडली की ती कमी पडतेय हे ओळखणारा भागच आधी पेंगतो. मोठ्या माणसाला सात तास तरी हवेतच. जन्मजात कमी झोपेवर ठणठणीत राहणारे असतात, पण अगदी विरळा, आणि माझ्याकडे येऊन तसं सांगणाऱ्यांपैकी बहुतेक ते नसतात.

आणि घरच्यांना विचारा, तुम्ही घोरता का? घोरता घोरता श्वास थांबतो, मग गुदमरून झटका बसतो, असं होतं का? होत असेल तर आधी तपासणी. त्यावर वेळापत्रक बदलून उपयोग नाही.

खडा_सवाल | गुरुवार, रात्री २:१५

मान्य, तिरक्या पट्ट्यापुढे शरणागती. पण दोन शंका आहेतच. रात्रपाळीने कर्करोग होतो म्हणतात, ते खरं की घबराट? आणि मोबाइलच्या निळ्या उजेडाचं जे चाललंय ते? लोक चष्मे विकतायत.

स्टेथोस्कोप | गुरुवार, सकाळी ८:१०

आधी झोपा हो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीला '२ अ' गटात टाकलं, म्हणजे 'बहुधा कर्ककारक', आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तिथेच ठेवलं. पण हे गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतात, धोका किती मोठा आहे ते नाही. प्राण्यांतला पुरावा चांगला आहे, माणसांतला मर्यादित. घाबरून नोकरी सोडू नका, पण वर्षानुवर्षं रात्रपाळी करणाऱ्याने नियमित तपासण्या चुकवू नयेत.

मोबाइलचं मला जरा फुगवलेलं वाटतं. ढगाळ दिवशीही बाहेर १०,००० लक्सच्या आसपास उजेड असतो, घरात दिव्याखाली दोन-तीनशे. फोनचा त्याहूनही कमी. ज्याने दिवसभर बाहेरचा उजेड पाहिलाय, त्याच्या घड्याळाला फोन फारसा हलवू शकत नाही. जो दिवसभर बंद खोलीत बसलाय त्याला मात्र संध्याकाळचे साधे दिवेही बाधतात. आणि खरं सांगू? रात्री दोनला तुम्हाला फोनचा उजेड जागवत नाही, हा धागा जागवतोय.

घुबड_क्र_१ | गुरुवार, रात्री ११:५५

हे पटलं. दहा वर्षं मी 'आज लवकर झोपायचं' या नादात रात्री दहाला पडून छताकडे बघत होतो. झोप काही बोलावून येत नाही, आणि येत नाही म्हणून चिडलं की आणखी लांब पळते. मग एका समुपदेशकाने उलटं सांगितलं: झोपायची वेळ सोडून द्या, उठायची धरा. सुट्टी असो नसो, साडेसातला उठायचं आणि उठल्या उठल्या अर्धा तास बाहेर. पेंग येईपर्यंत अंथरुणाकडे फिरकायचं नाही, आणि वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचं. पहिले दहा दिवस भयानक गेले. तिसऱ्या आठवड्यात साडेबाराला डोळे आपोआप मिटायला लागले. कोंबडा झालो नाही, होणारही नाही. पण छत बघणं थांबलं.

पहाटवारा | शुक्रवार, सकाळी ४:५०

घुबडराव, ही शिस्तच झाली की!

घुबड_क्र_१ | शुक्रवार, सकाळी १०:०५

पकडलंत. :D

कंदील | शुक्रवार, दुपारी १२:४०

एक सावधगिरी. घुबड यांचा उपाय घड्याळ उशिराचं असलेल्यांसाठी ठीक, निशाचर यांनी रात्रपाळीत जशाच्या तसा करू नये. उजेड घड्याळाला कुठल्या दिशेने ढकलेल हे तो कधी पडतो यावर ठरतं. तापमानाच्या तळाआधीचा उजेड घड्याळ उशिराकडे ढकलतो, तळानंतरचा लवकरच्या वेळेकडे ओढतो. पाळी संपवून सकाळी सातच्या लख्ख उजेडात तुम्ही घरी जाता तेव्हा तो घड्याळाला सांगतो, 'दिवस सुरू झाला'. आणि तुम्ही निघालेले असता झोपायला! पाळीच्या पहिल्या अर्ध्यात भरपूर दिवे, परतताना गडद चष्मा, खोलीत काळोख. मात्र स्वतः गाडी चालवत असाल आणि पेंग येत असेल, तर गडद चष्माही नको आणि गाडीही नको. सलग सतरा तास जागलेल्या माणसाचा हात-डोळ्यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखा होतो, हे १९९७ मध्ये मोजून झालंय.

कॉफी पाळीच्या सुरुवातीला घ्या. तिचा अर्धा अंश शरीरातून जायला पाचेक तास लागतात. पहाटे चारची कॉफी तुमच्यासोबत अंथरुणात येते.

निशाचर | रविवार, पाच आठवड्यांनंतर, दुपारी ४:२०

सगळ्यांचे आभार. मध्ये गायब होतो कारण कंदील यांच्या पहिल्याच प्रश्नाने पेचात टाकलं होतं. तिरकी_रेघ यांच्या बहिणीसारखाच कागद आणला आणि चौकोन काळे करायला लागलो. पडून असतो आठ तास. झोपतो पाच तास वीस मिनिटं, तीही दोन तुकड्यांत. घरच्यांना तो कागद दाखवला, कोणी काही बोललं नाही, पण दुसऱ्या दिवशी दुपारी टीव्हीचा आवाज नव्हता.

खिडकीला काळं जाड कापड लावलं. रात्रपाळीच्या आधी संध्याकाळी दीड तास झोपून जातो, त्याचा सर्वांत जास्त फायदा झाला. कॉफी बारापर्यंतच. आता सहा तासांच्या थोडं वर पोचलोय. गडद चष्मा जमला नाही, दुचाकीवर भीती वाटते. घोरतो, हे बायकोने तिखटमीठ लावून सांगितलं, पुढच्या आठवड्यात तपासणी आहे. साखर तीन महिन्यांनी बघायची. पाळी सुलटी फिरवायचा अर्ज आम्ही सात जणांनी मिळून दिलाय, उत्पादनाचं वाक्य सर्वांत वर लिहून. 'बघू' असं उत्तर आलंय.

आणि लॉगबुक. चारच्या ओळीत अक्षर अजूनही तिरकंच येतं, थोडं कमी. म्हणून चारचे आकडे आता एकट्याने उतरवत नाही. सोबतचा मुलगा मीटरसमोर उभा राहून मोठ्याने वाचतो, मी लिहितो, मग मी वाचतो आणि तो मीटर बघतो. परवा दोघांनी मिळून एक आकडा चुकवला होता. दुसऱ्या वाचनात सापडला.